हो-नाहीपुरतं फ्रेंच

"आता नों म्हण," उंच बाई म्हणाली.

"वी," बुटकी म्हणाली आणि चादरीची आपल्याकडची दोन टोकं तिच्या हातात देऊन मोकळी झाली.

"नों म्हण म्हटलं ना तुला."

"माझ्या तोंडून नाही निघत बाई. दुसरं काही शिकव. एखादी शिवी असेल तर सांग, मुकादमावर वापरीन."

धुलाईखान्यात मोठ्या चादरींची घडी दोघींनी मिळून घालायची असते. टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकाला टोक लावायचं. एक ताडमाड, एक बुटकी. त्यामुळे यांची चादर कायम तिरकी. तरी मुकादमानं दोघींची जोडी लावली होती, कारण दोघींच्या तोंडाला लागायला तिसरं कोणी तयार नव्हतं. आता या घड्या घालताना उंच बाईचं फ्रेंच चालायचं. लांबून चालत येताना ती प्रश्न विचारायची आणि टोकाला टोक लागलं की बुटकीनं उत्तर द्यायचं. इल आ मांजे? तो जेवला का? वी, म्हणजे हो. इल दोर? झोपलाय का? वी. मशिनांच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागायचं. आजूबाजूच्या बाया हसायच्या. हसू देत. त्यांची मुलं घरी होती.

उंच बाईचा मुलगा बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली कामाला होता. बोटीच्या पोटात उतरताना शिडीवरून पडला. बोट ज्या बंदराला लागली, तिथल्या दवाखान्यात त्याला उतरवलं आणि बोट पुढे निघून गेली. बोटी थांबत नाहीत. ऑपरेशनच्या आधी त्यानं तिथल्या नर्सच्या फोनवरून एकदा आईला फोन केला. "काही नाही गं, पाठीला जरा लागलंय. इथले लोक फ्रेंच बोलतात, मला घंटा कळत नाही." हसला. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. नंबर तेवढा राहिला.

कंपनीचा एजंट सांगायचा, प्रकृती स्थिर आहे. रोज तेच. स्थिर तर दगडही असतो.

मग तिनं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून फ्रेंच शिकवणारं एक पुस्तक आणलं. त्यात पहिल्या धड्यात खिडकीजवळची खोली मागायची होती, दुसऱ्यात दारूची बाटली, तिसऱ्यात स्टेशनचा रस्ता. ज्यानं ते लिहिलं त्याच्या घरचं कोणी परक्या गावात मरणाशी झुंजत पडलेलं नसणार. तिनं ते कपाटामागे फेकलं. बुटकीच्या मुलीनं मोबाइलमध्ये शिकवणी घालून दिली. वाक्य लिहिलं की त्यातली बाई ते फ्रेंचमध्ये बोलून दाखवायची. उंच बाईनं एकच वाक्य घोटलं. मी त्याची आई आहे, तो कसा आहे? कपडे धुताना, भांडी घासताना, बसमध्ये. इतकं घोटलं की मोबाइलातल्या बाईत आणि तिच्यात फरक उरला नाही.

तिथेच घात झाला. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ असायची. नर्सनं उचलला. हिनं वाक्य असं काही खणखणीत टाकलं, की नर्सला वाटलं या बाईला फ्रेंच येतं. ती बोलायला लागली. नळाची तोटी निखळावी तसं बोलली. त्या लोंढ्यात मुलाचं नाव दोनदा आलं. यातला कुठला शब्द वाईट आहे हे तिला कळेना. तिनं फोन कापला आणि ओल्या कपड्यांच्या गाडीला धरून उभी राहिली.

नीट विचारणं हीच चूक झाली होती. चांगलं विचारलं की जास्त ऐकावं लागतं. म्हणून तिनं ठरवलं, ज्याचं उत्तर एका शब्दात येईल तेवढंच विचारायचं. हो की नाही. एवढं फ्रेंच पुरे.

नर्सही शहाणी निघाली. तिसऱ्या-चौथ्या फोनपर्यंत तिला हिची रीत कळली. ही विचारायची आणि ती एक शब्द द्यायची. जेवला का? नों. ताप आहे का? वी. डोळे उघडतो का? नों. बुटकीकडून सकाळपासून ऐकलेले सगळे वी त्या एका शब्दानं वाहून जायचे. नों हा शब्द लहानसा, शेवटी नाकातच मरणारा. पण तो कानात शिरला की तिला पुढचा प्रश्न आठवायचा नाही. म्हणून ती बुटकीच्या मागे लागली होती. सवय करून दे म्हणून.

ती एजंटकडे गेली.

"तो सूप घेतोय," एजंट म्हणाला. "सुधारणा आहे."

"तो जेवत नाही. डोळे उघडत नाही. ताप आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्याच्या नर्सनं."

"तुम्हाला फ्रेंच येतं?"

"हो आणि नाही एवढं येतं."

एरवी हा माणूस तिला दारातच उभं करून बोलायचा. आज तो उठला, दार लावलं आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना," म्हणाला. हळू आवाजात. "पाणी मागवू?"

तो खोटं बोलत होता तोवर तिला नुसता राग होता. त्या खुर्चीची मात्र तिला भीती वाटली. ती बसली नाही.

घरी नवरा आढ्याकडे बघत पडला होता. तो फ्रेंचच्या वाटेला गेला नव्हता.

"काय म्हणाला?"

"बसा म्हणाला."

नवऱ्यानं कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू त्या नर्सला भलतंसलतं विचारू नकोस."

"भलतंसलतं म्हणजे?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय. न विचारता जितके दिवस जातील तितके जाऊ देत. आपले आहेत ते."

पण तो प्रश्न तिनं आधीच शिकून ठेवला होता. मोबाइलचा आवाज अगदी बारीक करून, मोरीचं दार लावून. इल व्हा व्हीव्र? तो जगेल का? तीनच शब्द. मोबाइलातली बाई तेही खिडकीजवळची खोली मागावी तसंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी चादर धरून ती चालत आली आणि बुटकीला विचारलं, "इल व्हा व्हीव्र?"

"हे नवीन. म्हणजे काय गं?"

"जगेल का."

बुटकीच्या हातातली टोकं सुटली. धुतलेली चादर फरशीवर लोळली.

"मेले, असलं मला विचारतेस?" बुटकी म्हणाली. "मी कोण?"

"नों म्हण. एकदाच. आधी तुझ्या तोंडून ऐकू दे, मग तिच्या तोंडून ऐकेन."

"जीभ झडेल माझी."

"म्हण गं."

बुटकीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि जोरजोरात मान हलवली. ती मान 'नको'ची होती की 'नाही'ची, देव जाणे. मुकादम लांबून ओरडला, "ओ राजकुमारी, फरशी पुसायला आणल्यात का चादरी?" बुटकीनं वळून त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुढचं विसरला.

सुट्टी झाली. बाया डबे घेऊन बाहेर गेल्या. उंच बाई नुकत्याच बंद केलेल्या ड्रायरला पाठ लावून उभी राहिली. त्याची ऊब अजून होती. तिनं फोन लावला.

"बोंजूर मादाम," नर्स म्हणाली. तिला आता आवाज ओळखू यायचा.

जेवला का, ताप आहे का, यातलं तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिसरं विचारायचा धीर संपला असता.

"इल व्हा व्हीव्र?"

तिकडे वी आलं नाही. नों पण आलं नाही. कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग नर्स बोलली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला भरवावं तसं. उंच बाईला त्यातला एकही शब्द येत नव्हता आणि एकही शब्द कळायचा राहिला नाही.

ती घसरत खाली बसली. नर्सनं फोन ठेवला नाही.

शिकवणीत शरीराचे अवयव होते. त्यातला एक तिनं ओठांवर आणला. "तेलेफोन," ती म्हणाली. "ओरेय. सोन ओरेय." फोन. कान. त्याचा कान.

"वी," नर्स म्हणाली. "वी, मादाम."

पावलं वाजली. उशीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग मशीन, आणि मशीनच्या मागे एक श्वास, ओढून घेतलेला, खरखरीत.

इतके दिवस परक्या भाषेची घोकंपट्टी केलेल्या त्या बाईला आपल्या भाषेत काय बोलावं ते सुचेना. मग ती म्हणाली, "मी आहे रे." थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा घरी आहेत. बरे आहेत. आज कामाला गेले नाहीत." आणि मग सुचेल ते. बुटकीनं चादर पाडली. मुकादम ओरडला. वरच्या मजल्यावरच्यांनी दाराला हिरवा रंग दिलाय, इतका घाण दिसतोय, तू बघशील तर हसशील. बाहेरच्या बाया हात धुऊन परतल्या, तिला बघून दारातच थांबल्या.

पुन्हा पावलं. नर्सचा आवाज जवळ आला. तिनं काहीतरी विचारलं, दोनच शब्द, आणि थांबली. आता ती उत्तराची वाट बघत होती. काय विचारलं ते उंच बाईला कळलं नाही. फोन ठेवू का, असेल. राहू दे का, असेल.

"वी," ती म्हणाली. मग घाबरून, "नों. नों कट."

"वी, मादाम," नर्स म्हणाली, आणि फोन पुन्हा उशीवर ठेवल्याचा आवाज आला.

उंच बाईनं स्वतःचा श्वास धरला, म्हणजे त्याचा नीट ऐकू येईल.