बायडीची गाणी आणि नवा कॉम्प्युटर

हर्षलच्या जव्हारमधल्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की आधी मालकाची खरडपट्टी निघायची, मग कॉम्प्युटर उघडला जायचा. बॅकअप घेतला होता का? नाही? मग आता कपाळाला हात लावून काय उपयोग? गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून उभं राहायचं आणि हर्षलला उगीच मोठा डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण घाईत असला की त्याचं डोकं कुठे जायचं कोण जाणे.

आशालताबाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. आश्रमशाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि एकाच कामाने झपाटलेल्या. जव्हार तालुक्यातल्याच वांगणीची बायडी ही धवलेरी, म्हणजे लग्नं लावणारी आणि लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. मांडवामांडवांत तिच्या शेजारी बसून बाईंनी कित्येक वर्षं ती गाणी उतरवून घेतली आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर टाइप केली. बायडीला माघी नावाची नात, ती शाळा शिकलेली. तिच्या हातात या गाण्यांचं पुस्तक द्यायचं, म्हणजे आजीच्या मागे माघी लग्नं लावील, असं दोघींचं ठरलेलं होतं. यंदा बायडीला घशाचं दुखणं लागलं, आवाज बसला तो उठलाच नाही, आणि बाईंची घाई सुरू झाली. त्यांची हाताने लिहिलेली टिपणं मागच्या पावसाळ्यात गळक्या माळ्यावर भिजून लगदा झाली होती. त्याची त्यांना फिकीर नव्हती, सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं ना! मात्र तो कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून पुस्तकासाठी त्यांनी नवा घेतला.

बाईंकडचं ऑफिसचं सॉफ्टवेअर जुनं, पण रीतसर विकत घेतलेलं. म्हणून हर्षलने पुरं नवं न घेता त्याचं अपग्रेड मागवलं. ते स्वस्त पडतं. तिथेच घोडं अडलं. अपग्रेडला आधीचं सॉफ्टवेअर मशीनवर दिसावं लागतं, आणि हे मशीन तर कोरं करकरीत. मग जुनी सीडी शोधा, शर्टाच्या टोकाने पुसा, ती घरघर करत कशीबशी चढवा, आणि मग त्यावर अपग्रेड. यात सकाळ गेली. त्या दिवशी मोखाड्याला क्रिकेटची फायनल, हर्षल कॅप्टन, आणि फोनवर फोन येत होते.

बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून तिच्यातल्या फायली नव्या मशीनवर घेऊन त्याने एक उघडून पाहिली. मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे, सगळा चिवडा. दुसरी उघडली, तीही तशीच. टाइप करताना वापरलेला जुना फॉन्ट नव्या मशीनवर नसला की असंच दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. जुन्या डिस्कवरून एवढासा फॉन्ट आणून टाकायचा, की झालं. पण एवढं थांबायला जिवाला स्वस्थता हवी ना! खराब झाल्यात म्हणून त्याने त्या फायली उडवल्या. मोखाड्याच्या रोहिदास फोटोवाल्याला एक डिस्क हवीच होती, म्हणून बाईंना न विचारताच जुनी डिस्क पुसून साफ केली आणि खिशात घालून तो निघाला. मॅच जिंकली. कप उचलून फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी बाई पेढे घेऊन आल्या. नवा कॉम्प्युटर त्यांनी हळूच, लग्नातल्या नवरीला हात लावावा तसा सुरू केला आणि गाणी कुठे ठेवलीस म्हणून विचारलं. तो चिवडा म्हणजे काय होतं, ते हर्षलला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी तोंडातून थाप बाहेर पडली: जुनी डिस्क आधीच गेली होती, व्हायरसने आतलं सगळं खाल्लं होतं, माझ्या हातात काही राहिलं नाही.

बाई म्हणाल्या, तू किती वेळा सांगितलंस बॅकअप घ्या म्हणून, मीच मेली आळशी. पेढ्यांचा पुडा त्याच्याच टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या. खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं, असं हर्षलला वाटलं. तसाच उठून त्याने मोखाडा गाठला, रोहिदासच्या हातापाया पडून ती डिस्क परत जोडली, असतील नसतील ती सगळी सॉफ्टवेअरं चालवली. रोहिदासने रात्रीतच ती लग्नांच्या व्हिडिओंनी गच्च भरून टाकली होती. हळदी, वराती, डीजे, आणि त्यांच्याखाली गाणी कायमची गाडलेली.

आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही. सांगावं म्हणून तो दोनदा बाईंच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. शेवटी बाईच दुकानात आल्या. बायडीला तोंड दाखवायला हवं, वांगणीपर्यंत गाडीवर सोडशील का, म्हणाल्या. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

वावर गावाच्या पुढे रस्त्याने हाडं खिळखिळी केली. बाई मागे बसून सारख्या म्हणत होत्या, तुला उगाच त्रास. दर वेळी त्याला वाटायचं, गाडी थांबवावी आणि सांगून मोकळं व्हावं. गाडी काही थांबली नाही.

बायडी अंगणात नागली पाखडत बसली होती. शेजारी माघी, महिनाभरापूर्वी भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून परतलेली. बाईंनी बायडीचे हात धरले आणि सगळा दोष स्वतःवर घेऊन सांगितलं. गाणी गेली. माझ्या हलगर्जीपणाने गेली. मला क्षमा कर.

बायडीला आवाज नव्हता, नुसता वारा होता. ती हळूहळू म्हणाली, "पोरगी भट्टीवर जायची. मी तिला शिकवलं नाय. म्हटलं, बाईकडं ठेवलंय, ती वाचंल."

माघीने मान फिरवली. हर्षल खाली मातीत बसला.

"बाईंची काही चूक नाही," तो म्हणाला. "गाणी मी पुसली. मॅचला जायची घाई होती म्हणून नीट बघितलंच नाही, आणि वर खोटं बोललो."

आशालताबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या अंगणातल्या मेढीच्या खांबाकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरी आता आपल्याला चहा मिळणार नाही, हे त्याला कळलं, आणि ते योग्यच आहे हेही कळलं.

बायडीने सूप बाजूला सारलं. त्याला हाताने जवळ बोलावलं. पुसली म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. घालवणाऱ्याने लिहायला बसावं, एवढंच म्हणाली. हर्षलने फोन काढून रेकॉर्डिंग लावलं, पण तिच्या श्वासाने पडद्यावरची रेघ हलेनासुद्धा. मग त्याने माघीची जुनी वही मागून घेतली आणि म्हातारीच्या तोंडाशी कान नेला. मांडवाच्या मेढीचं गाणं होतं. एक ओळ आली, दुसरी आली, तिसरी खोकल्यात अडकून आली. तो लिहीत गेला. मग बायडी थांबली, ओठ नुसते हलले, डोळे मिटून तिने मानेने ठेका धरून पाहिला.

"पुढं काय, आजी?" त्याने विचारलं.

बायडीने डोळे उघडले. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, ती खरोखरच त्याला विचारत होती.

"पुढलं तुझ्याकडं होतं ना," ती म्हणाली.