माझ्या रक्तातला खोटा उजेड

मी एक म्हातारा काळा उंदीर आहे. मित्रांनो, 'शी!' म्हणून झालं असेल, तर ऐका.

रोगाशी लढणारी प्रतिपिंडं ज्या बनवतात, त्या बी-पेशी तुमच्या रक्तात आहेत, माझ्या नाहीत. माझ्या पणजोबांच्या वेळी माणसांनी मुद्दाम एक जनुक मोडलं आणि आमचं घराणं असं झालं. पण याच उणिवेवर आमचं पोट चालायचं. इथे प्रयोगशाळेत संशोधन शिकणारी एक ताई आहे. ती इतर उंदरांच्या रक्तात चमकणारी प्रतिपिंडं मिसळते. ती नेमकी बी-पेशींना चिकटतात. मग शेजारच्या खोलीतल्या यंत्रात एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि बी-पेशी असली की हिरवी चमकते. बी-पेशी नसतील तर काय दिसतं, हे बघायला आमचं रक्त. काहीच न दिसल्याबद्दल प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, आमचं तोंड भरून कौतुक करायच्या. आम्ही चार भाऊ होतो, एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचो. मजेत होतो म्हणा ना!

एके दिवशी ताई घाईत होती. रक्तातल्या काही पेशी भारी आगाऊ असतात, दिसेल त्या प्रतिपिंडाची शेपटी धरून बसतात आणि बी-पेशी नसूनही चमकतात. म्हणून आधी एक थेंब टाकून त्यांचे हात बांधावे लागतात. आमच्या पिंजऱ्यासमोरच्या टेबलावर ताईने तो थेंब टाकलाच नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, पण उंदराला विचारतो कोण?

आमचं रक्त यंत्रात हिरवंगार दिसलं. मोठ्या बाई तणतणत आल्या. परक्या उंदरांची भेसळ होऊन आमचं वाण बाटलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

"पिंजरा रिकामा करा," त्या म्हणाल्या.

पिंजरे धुणाऱ्या काकांनी एकदा पुन्हा बघायचं का, म्हणून भीतभीत विचारलं. ताईची नजर थेंबाच्या नव्या बाटलीवर गेली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. तिला कळलं, मित्रांनो, तिला सगळं कळलं!

"यंत्र खोटं बोलत नाही, काका," ती म्हणाली.

फेरतपासणीला म्हणून तिने एक ठेवून घेतला. हाताला आधी लागलो तो मी. चौघांना ठेवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. माझे तिघे भाऊ काचेच्या डब्यात गेले, वायू सुटला. धाकटा काचेला नाक लावून माझ्याकडेच बघत होता. मग तो बघेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी ताईने थेंब टाकून माझं रक्त तपासलं. काळोख. हिरवा ठिपका औषधालाही नाही. काका डोकं धरून बसले. ताईने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं, एक राहिला. कामापुरता एक पुरतो."

मित्रांनो, कुणाच्या रक्तात खोट दिसली, तर त्याला डब्यात घालण्याआधी आपला हात तपासा. आणि चूक कळली, तर तेव्हाच तोंड उघडा. आमचं ओझं ते किती, मूठभर! तेवढं जिवंत ठेवायला एक वाक्य पुरलं असतं.

आता मी एकटाच झोपतो. ताई अजून माझं रक्त न्यायला येते. थेंब टाकायला ती कधीच विसरत नाही.