क्वार्ताच्या घरची काथवट

मित्रांनो, हल्ली माझ्यात कोंबड्यांचे दाणे टाकतात. पण मी मूळची कणीक मळायची काथवट. कार्थेजच्या बंदरामागच्या गल्लीत एका सुताराने जैतुनाच्या ओंडक्यातून मला कोरली आणि क्वार्ता नावाच्या बाईने घरी नेली.

क्वार्ता ख्रिस्ताला मानणारी. उजाडायच्या आधी तिच्याकडे माणसे जमत. मालकीण आणि गुलाम एकाच पावाचा तुकडा देवाचे शरीर म्हणून खात, द्राक्षरस त्याचे रक्त म्हणून पीत, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. त्यांचा देव म्हणे क्रूसावर मेला आणि पुन्हा उठला. गल्लीला यातले काहीच उमगत नसे.

शेजारची अरिशत बाळंतपणानंतर तापाने फणफणली, तिचे दूध आटले. क्वार्ताचेही मूल अंगावर पीत होते. तिने अरिशतच्या बाळाला, मिगिनला, आपल्या घरी आणले आणि पाजू लागली.

मला धुऊन दारात वाळत ठेवले होते, तेव्हा मासळीवाली अरिशतला म्हणाली, "फुकट पाजते? अगं पोरी, फुकट कोण कुणाचं करतं? ती माणसं पिठात पोर झाकून ठेवतात नि वरून सुरी घालतात. मांस खातो, रक्त पितो, असं स्वतःच म्हणतात की!"

"गप गं मावशी. माझं बाळ आहे तिथं."

"म्हणून तर सांगतेय!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच अरिशत भिंत धरत आली. माझ्यावर फडके होते, खाली कणीक फुगत होती. तिने वर हात ठेवला. ऊबदार, मऊ, हळूच वर येणारे काहीतरी! ती किंचाळली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. नुसती कणीक निघाली.

आतून क्वार्ता आली. मिगिन तिच्या छातीशी चुटूचुटू पीत होता.

"काय शोधतेस गं?"

अरिशतने बाळ ओढून घेतले. ते भुकेने रडू लागले. मग तिनेच ते परत दिले.

पुढे एकदा मासळीवाली चारचौघांना घेऊन आली. कुणीतरी मला कणकेसकट उंबऱ्यावर आपटले. माझ्या तळाला चीर गेली. अरिशत आडवी उभी राहिली.

"मेलेला देव उठतो, हे मलासुद्धा पटत नाही, मावशी. पण मी हात घालून बघितलाय. तूही बघ."

मासळीवाली वाकली. सांडलेली कणीक तिने बराच वेळ चाचपली. मग पदराला हात पुसत सगळ्यांच्या आधी निघून गेली.

मित्रांनो, लाकडाची चीर सांधता येत नाही. कुणाविषयी भयंकर काही ऐकलेत, तर आपटण्याआधी एकदा हात घालून बघा.