विकून मोकळे

वायरमनताई चहाचा थर्मास घेऊन वृद्धाश्रमाच्या फाटकाशी पोचली, तेव्हा तिची नणंद रस्त्याकडेला एका उलट्या क्रेटवर बसली होती. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. जरा वाकली की कमरेतून कळ यायची. तिच्याभोवती निळसर गणवेशातल्या आणखी काही जणी उभ्या होत्या. आतल्या म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, कुशीवर वळवणं हे त्यांचं काम. महिन्याभरापूर्वी त्यांनी युनियन काढली आणि कंपनीनं पुढे होऊन बोलणाऱ्या तिघींना कामावरून काढलं. नणंद त्या तिघींतली एक. बाकीच्या आपली पाळी संपली की घरी न जाता फाटकाशी येऊन थांबत.

वायरमनताई बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होती. गाड्यांचं वायरिंग, दिवे, बॅटऱ्या तिच्याकडे. बाई वायरमन आली म्हणून डेपोनं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. नवरासुद्धा चिडवायचं असलं की त्याच नावानं हाक मारी. तिला एका जागी स्वस्थ बसता येत नसे. बोलताना हातात वायरचा तुकडा तरी लागे, नाहीतर पाय हलत राहत. "तू गप्प बसायची नाहीस, तूच जा," असं म्हणून युनियननं तिला पेन्शन फंडाच्या विश्वस्त मंडळावर पाठवलं होतं.

तिनं सगळ्यांना चहा ओतून दिला आणि म्हणाली, "आमच्या युनियनचा तुम्हाला पाठिंबा आहे. काही लागलं तर हक्कानं सांगा."

आश्रमाची स्वयंपाकीण गालात हसली. "तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं, ताई? तुम्हीच तर आमचे मालक."

"म्हणजे?"

"बसवाल्यांचा पेन्शन फंड. आमच्या कंपनीच्या मोठ्या भागधारकांत तुमचं नाव आहे. आमच्या युनियनच्या माणसानं शोधून काढलं."

वायरमनताईला वाटलं, थट्टा चाललीय. तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद हसत नव्हती.

"तुला माहीत होतं?"

"कालच कळलं."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल तू जेवत होतीस, वहिनी."

तिचा कप भरलेलाच राहिला. थर्मास तिथेच विसरून ती निघाली आणि बसस्टॉपवर न थांबता चालतच सुटली.

फंडाचं ऑफिस एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. गुंतवणूक सल्लागार सभ्य माणूस. त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. ती बसली नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या घालत तिनं विचारलं. तोही लपवाछपवी न करता म्हणाला, "हो, आहेत आपले शेअर. चांगले चाललेत. म्हातारी माणसं वाढतायत, खोल्या रिकाम्या राहत नाहीत."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"प्रत्येक बैठकीत सगळ्या कंपन्यांची नावं समोर असतात, ताई. फार असतात. वाचून होत नाहीत कुणाचीच."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

"उद्या विकायचे म्हटलं तर?"

"मन दुखलं एवढ्यावर नाही विकता येणार. विश्वस्तांनी आधी सभासदांच्या पेन्शनचा विचार करायचा असतो." त्यानं समोरची फाईल उघडली. "पण माणसं टिकत नसतील, संप होत असतील, म्हाताऱ्यांचे नातेवाईक कोर्टात जात असतील, तर उद्या पैसाही बुडतो. ते कंपनीला विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आजवर आपण कधी विचारलेलं नाही."

"का?"

"कुणी विचारूया म्हटलंच नाही."

तिथून ती थेट युनियनच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी पोस्टरांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून फोनवर बोलत होता. हे ऐकून त्यानं फोन ठेवला.

"विकायचे," तो म्हणाला. "पुढच्याच बैठकीत ठराव. कामगारांच्या घामाचा पैसा असल्या कंपनीत एक दिवस राहता कामा नये. बाहेर पेपरवाल्यांना बोलावू. तू मांड, मी अनुमोदन देतो."

तिला बरं वाटलं. निदान काय करायचं ते ठरलं होतं. घरी जाताना तिनं त्या दिवसात पहिल्यांदा बस पकडली आणि बसायला जागा असून उभ्यानंच प्रवास केला.

नणंद त्यांच्याकडेच राहायची. संध्याकाळी ती जमिनीवर चटई टाकून पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. नवरा ओट्याशी जेवणाचं बघत होता. वायरमनताईनं चपला काढता काढताच बातमी दिली.

"विकणार?" नणंद छताकडे बघत म्हणाली. "कुणाला?"

"बाजारात कुणीतरी घेईलच की."

"म्हणजे तुम्ही विकून मोकळे. आणि जो घेईल त्याला आमचं काय पडलंय? आज निदान मालकांत एक जण असा आहे, ज्याच्या घरात मी राहते."

"अगं, पण आमचाच पैसा तुमच्यावर..."

"वहिनी, जरा मला उचल."

"काय?"

"उचल आणि पलंगावर ठेव. मी अंग सोडून देते. आमच्याकडच्यांना स्वतःला सावरता येत नाही, तशी."

वायरमनताईनं बसची बॅटरी एकटीनं उतरवली होती. तिनं नणंदेच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. नणंद अर्धी उठली, मान मागे पडली, एक हात निसटला, आणि दोघी पलंगाच्या कडेवर आदळता आदळता वाचल्या. नवरा हातातला झारा तसाच धरून दारात आला.

"बघितलंस?" नणंद धापा टाकत म्हणाली. "बॅटरी घाबरत नाही. माणूस घाबरतं, घाबरून आपल्याला घट्ट धरतं. दोघींनी उचलायचं असा नियम आहे. दुसरी कुठे असते? वरच्या मजल्यावर. तिथे ती एकटीच उचलत असते. मला दुसरी हवी. तुमचा ठराव नको."

नवरा म्हणाला, "जेवून घ्या आधी." कुणीच हललं नाही. मग तोही खुर्चीत बसून राहिला, आणि गॅसवरचं करपलं.

त्यानंतरचे दिवस वायरमनताईचं कशातच लक्ष नव्हतं. हेडलाइटची वायर तिनं इंडिकेटरला जोडली आणि ड्रायव्हरची बोलणी खाल्ली. अशातच एका दुपारी सावकाशकाका डेपोत आले. जन्मभर ड्रायव्हर होते. शिकाऊ पोरांना सारखं "सावकाश, सावकाश" म्हणायचे, म्हणून हे नाव. वायरमनताई नवीन असताना बाईला गाडीखाली काम करू द्यायला बाकीचे कचरत, तेव्हा यांनीच स्वतःची गाडी तिच्या हवाली केली होती.

"ऐकलं ते खरं का, पोरी?" ते बाकावर टेकत म्हणाले. "चांगले शेअर विकताय म्हणे."

"अजून ठरायचंय, काका."

"तुझी काकी त्याच आश्रमात आहे, ठाऊक आहे ना? माझी पेन्शन येते ती निम्मीशिम्मी तिथेच जाते. फंडाला झळ लागली तर हिला मी कुठे नेऊ?"

"काकी कशी आहे?"

काकांनी टोपी काढली, परत घातली. "पाठीला जखमा झाल्यात. कुशीवर वळवायला वेळेवर कुणी येत नाही. तुझी नणंद होती तोवर ठीक होतं. तिला काढल्यापासून..."

"मग मी काय करू, काका?"

"मला काय विचारतेस? मी बस चालवली." ते उठले, दोन पावलं गेले आणि वळले. "पैसा सांभाळ. हिलाही बघ. दोन्ही कर."

"दोन्ही कसं करू?"

"ते मला माहीत असतं तर मी आलो असतो का?"

बैठकीच्या दिवशी मोठ्या टेबलाच्या एका बाजूला मॅनेजमेंटचे विश्वस्त बसले, दुसऱ्या बाजूला युनियनचे; त्यांत सेक्रेटरी होता आणि कंडक्टरबाईही. वायरमनताईनं ठराव मांडायचा होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आधी एक सांगते. माझी नणंद तिथे होती. तिला काढलंय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग बोला, पण मत देऊ नका. मतदानाच्या वेळी बाहेर थांबा."

"थांबते." तिनं सेक्रेटरीकडे पाहिलं नाही. "शेअर विकू नयेत असं माझं म्हणणं आहे."

सेक्रेटरीची खुर्ची करकरली.

ती भरभर बोलत गेली, मधेच अडखळली, परत सुरुवात केली. विकून आपले हात स्वच्छ होतील, तिथलं काहीच बदलणार नाही. कंपनीच्या सभेत आपण जावं. म्हाताऱ्याला उचलायला प्रत्येक वेळी दोन माणसं, युनियनशी बोलणी, आणि काढलेल्यांना परत घेणं, एवढं मागावं. दुसऱ्या युनियनांच्या फंडांनाही बरोबर घ्यावं. वर्षभरात काहीच हललं नाही तर मग खुशाल विकावं. "आमचे सावकाशकाका पेन्शनर आहेत. त्यांना पेन्शनही हवी आणि बायकोची पाठही धड हवी. मला तरी यात काही चुकीचं दिसत नाही."

मग ती बाहेर गेली. कॉरिडॉर अरुंद होता. ती भिंतीला हात लावत टोकापर्यंत जाई आणि परत येई. आतले आवाज चढत, उतरत. सेक्रेटरीचा आवाज तिला ओळखू येत होता, शब्द कळत नव्हते. सफाईवाला बादली घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, एका जागी उभ्या राहा, फरशी ओली आहे." तिला तेवढंही जमेना. ती जिन्यात जाऊन पायऱ्या चढउतार करू लागली.

दार उघडलं. सेक्रेटरी पहिला बाहेर आला.

"जिंकलीस," तो म्हणाला. "मॅनेजमेंटच्या सगळ्यांनी हात वर केले. आपल्यातून फक्त कंडक्टरबाईनं. त्यांना विकायचं नव्हतंच. तू त्यांना चांगलं कारण दिलंस."

"आता मागणी करायला ते बांधलेले आहेत ना?"

"तू मला आधी सांगायला हवं होतंस."

ते खरं होतं.

डेपोत बातमी तिच्याआधी पोचली होती. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ती आली की चहाच्या टेबलावरचं बोलणं बदलायचं, एवढंच. तिच्या अवजारांच्या पेटीवर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'मॅनेजमेंटची ताई'. तिनं पुसलं. परत कुणीतरी लिहिलं. मग तिनं पुसायचं सोडून दिलं.

कंपनीची सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरली. सल्लागार तिच्याबरोबर आला होता. मऊ खुर्च्या, थंडगार हवा, पुढे फुलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा तिच्या हातात माइक आला आणि तो तिला वर्कशॉपमधल्या टॉर्चपेक्षा जड वाटला.

"मी बसडेपोत काम करते," ती म्हणाली. "आमची पेन्शन तुमच्याकडे आहे. आमच्या एका पेन्शनरची बायकोही तुमच्याकडे आहे. तिला वळवायला तुमच्याकडे माणूस नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत."

तिनं विचारल्या. कंपनीचे अध्यक्ष गोड बोलले. सूचना मोलाच्या आहेत, आम्ही विचार करू, मनुष्यबळाची टंचाई सगळीकडेच आहे. टाळ्याही वाजल्या नाहीत. खाली बसताना तिला वाटलं, झालं, एवढ्यासाठी आपण सगळ्यांना दुखावलं.

पण बाहेर चहाच्या रांगेत एक बाई तिच्याजवळ आली. ती शिक्षकांच्या फंडाची होती. "आमचेही शेअर आहेत," ती म्हणाली. मग नर्सांच्या फंडाचा एक माणूस आला. सल्लागारानं खिशातून पेन काढलं. पुढच्या काही महिन्यांत हे फंड एकत्र येऊन कंपनीला भेटत राहिले. एका भेटीत बोलणी फिसकटली, एकदा तर कंपनीनं भेटच नाकारली. नर्सांच्या फंडानं पुढच्या सभेत संचालकांविरुद्ध मत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे कंपनी नमली.

उचलायला दोघी, हे ठरलं. युनियनशी बोलायचं, हेही ठरलं. काढलेल्यांपैकी दोघींना परत घेतलं. नणंदेला नाही. तिची पाठ आता उचलण्याच्या कामाला योग्य नाही, असं कंपनीच्या डॉक्टरनं म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याच सुमारास युनियनच्या निवडणुका झाल्या. विश्वस्तपदासाठी सेक्रेटरीनं दुसरं नाव पुढे केलं. वायरमनताई पडली. शेवटच्या बैठकीनंतर सल्लागारानं तिच्याशी हात मिळवला. सेक्रेटरी जिन्यात भेटला आणि म्हणाला, "काम वाईट नाही केलंस," आणि भराभर खाली उतरून गेला.

रविवारी ती काकांबरोबर आश्रमात गेली. दोघी जणी काकीला वळवत होत्या. एक खांद्याशी, एक कमरेशी, आणि काकी डोळे मिटून शांत होती. "सावकाश," काका पुटपुटले. दोघींतली एक हसली. वायरमनताई थोडा वेळ बघत राहिली. मग तिला तिथे उभं राहवेना.

घरी आल्यावर तिनं नणंदेला ते सगळं सांगितलं. नणंद कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "खरंच बरं झालं." मग हातातला टॉवेल तिनं पलंगावर आपटला. "आणि माझं काय, वहिनी? पाठ कुणी घालवली माझी? तिथेच गेली ना?"

नवरा आतून आला आणि पलंगावरचा टॉवेल उचलून घडी घालू लागला.

"बसून करायचं काम त्यांच्याकडे असतंच की," वायरमनताई म्हणाली. "फोनवर, औषधांच्या कपाटाशी. ते मागता येईल. नुकसानभरपाई मागता येईल."

"कोण मागणार? तू आता नाहीस तिथे."

"सभासद आहे ना अजून. माझ्या पगारातून दर महिन्याला कापतातच की."

"तुझं कोण ऐकणार आता?"

"ते मला माहीत नाही."

तिनं आत्ताच काढलेल्या चपला परत पायात घातल्या. कंडक्टरबाई मागच्या गल्लीत राहायची आणि विश्वस्त मंडळावर अजून होती. नणंद कमरेवर हात दाबत हळूहळू उठली आणि म्हणाली, "थांब, मीही येते. तू अर्धं सांगशील, अर्धं विसरशील."