वनूमावशीच्या जीपला नोटीस

माझ्या जीपचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. ही गोष्ट आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या तीन कार्ट्यांना कळली, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला शांतता नाही. मिहिर सोळाचा, अपूर्वा पंधराची आणि रश्मी सतराची. दर रविवारी सकाळी मी त्यांना फिरवते आणि दर रविवारी उजव्या सीटवर कोण बसणार यावरून त्यांची जुंपते. कारण सिग्नलला गाडी थांबली की उजव्या सीटवरच्याने मान टाकून ढाराढूर झोपायचं असतं. बाजूचे रिक्षावाले बोंबलतात, "ओ ड्रायव्हरसाहेब, उठा!" एकदा साकीनाक्याला मिहिर असा काही झोपला की ट्रॅफिक हवालदार शिटी वाजवत धावत आला आणि नेमका तेव्हाच सिग्नल सुटला. डोळे मिटलेला मिहिर हवालदाराला टाटा करत निघाला. पोराला तिथेच उतरवायला हवं होतं, पण हसून हसून मला ब्रेक सापडेना.

जीप दुसऱ्या महायुद्धातली. माझ्या वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली. त्यांच्यामागे त्यांचं साकीनाक्याचं गॅरेज मी पंचवीस वर्षं चालवलं. ते गेलं, जीप तेवढी राहिली. तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पंपावर गेलं की मुलं मला डोळ्यांनी दटावतात, सांगायचं नाही म्हणून. पंपावरचा माणूस नळी हातात घेऊन जीपला प्रदक्षिणा घालतो. दुसरी प्रदक्षिणा झाली की अपूर्वा प्रसाद मागितल्यासारखा हात पुढे करते. मग मी उठते, सीट उचलते, आणि तो बिचारा कपाळावर हात मारतो.

गाडीला हात लावायचा तो फक्त पुसायला, हा माझा नियम. लायसन्सशिवाय स्टिअरिंग नाही. म्हणून तिघं रश्मीच्या हॉलमध्ये सराव करतात. एक खुर्ची, खाली तीन चपला म्हणजे पेडल आणि कढईत उभा केलेला झारा म्हणजे गिअर. हिचा पहिला गिअर सहज पडत नाही, क्लच दोनदा दाबावा लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

घोटाळा माझ्याच हातून झाला. युद्धात शिपाई चालत्या जीपमधून कशी उडी मारत, हे मी मुलांना दाखवायला गेले. जीप तर उभीच होती, तरी गुडघा गेला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर क्लच बंद केला.

जीप तीन आठवडे जागची हलली नाही आणि नोटीस आली. सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदर परब फार शिस्तीचे. 'बंद पडलेले वाहन रविवारी बाराच्या आत स्वतःच्या इंजिनवर गेटबाहेर जाऊन परत आले पाहिजे. अन्यथा कायमचे हलवावे.' कुठे हलवू? माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. ती भंगारात जाणार या विचाराने मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि हे त्या कार्ट्यांना कळलं.

त्यांनी ड्रायव्हर शोधायचा सपाटा लावला. मोबाइलवरून बोलावलेला एक जण आला, स्टिअरिंग बघून "इधर क्यूं है?" म्हणाला आणि गेला. शेवटी मिहिरने आपल्या बाबांना, सुबोधला, पटवलं. सुबोधची गाडी ऑटोमॅटिक. गिअर त्याने कॉलेजात असताना शेवटचा पाहिला होता.

रविवारी साडेअकराला अख्खी सोसायटी गॅलरीत. मी गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. परब हातात घड्याळ घेऊन उभे. सुबोध ऐटीत उजव्या सीटवर बसला आणि स्टिअरिंग शोधू लागला. वरून जो हशा उठला! बिचारा लाल होऊन डावीकडे सरकला. इंजिन सुरू झालं. त्याने गिअर टाकला.

कर्रर्र!

"बाबा, क्लच दोनदा!" मिहिर ओरडला.

"काका, आपल्या कढईला आठवा!" ही अपूर्वा. सुबोधला कुठली कढई माहीत असायला?

कर्रर्र! कर्रर्र! मी कानांवर हात ठेवले. पण माझ्या शेजारचे परब माझ्याहून जास्त कळवळत होते. प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा उडत होता. चौथ्या वेळी त्यांना राहवेना.

"अरे मेल्या, दात तुटतले तिचे! ऊठ थंयसून!"

सुबोध उठून खाली उतरला. परब चढले, क्लच दोनदा दाबला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं लॉरी चालवली होती. अध्यक्ष झाल्यापासून हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिन्ही कार्टी उड्या मारून आत चढली. जीप गेटबाहेर पडली. मी टाळ्या वाजवल्या.

सिग्नलपर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. पावणेबारा झाले. बारा वाजले. जीपचा पत्ता नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी रश्मीने व्हिडिओ पाठवला. जीप विक्रोळीला, कारखान्याच्या जुन्या गेटसमोर. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडलेली, मागे मुलांच्या मांडीवर परबांचे कारखान्यातले दोन म्हातारे सोबती, आणि परब गॉगल लावून ओरडतायत, "धरून बसा रे!" गॉगल अपूर्वाचा होता, गुलाबी.

परत आले ते सव्वा वाजता. परबांचे केस उभे, तोंडभर धूळ आणि तोंड मिटायला तयार नाही.

सुबोध सकाळचा अपमान विसरला नव्हता. त्याने नोटीस पुढे धरली. "परबकाका, बारा वाजून गेले. नियम तुमचाच आहे. जीप जाणार ना?"

परबांनी नोटीस वाचली, अगदी परक्याची असावी तशी. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'हे वाहन दर रविवारी बाहेर काढणे बंधनकारक आहे. चालक: अध्यक्ष.' सही ठोकली.

मुलांनी असा गलका केला की वॉचमन काठी घेऊन धावला. मी रडत होते आणि हसतही होते. डोळे पुसून परबांना म्हटलं, "आणि मी? गाडी माझी आहे हो."

"तुम्ही अर्ज करा, वनमालाताई," परब गंभीरपणे म्हणाले. "कमिटीपुढे ठेवतो."

माझ्याच जीपसाठी मी अर्ज करायचा! असली मुजोरी मी आयुष्यात ऐकली नव्हती. संध्याकाळी बसून दोन प्रतींत लिहिला.