वसुधाचा फोन

मोठ्या रेडिओ स्टेशनने गिरीश देऊस्करला काढून टाकलं, तेव्हापासून तो स्वतःला 'स्वतंत्र' म्हणवायला लागला. शिकागोबाहेरच्या एका फुटकळ स्टेशनवर त्याने रविवार सकाळचा तास घेतला आणि मराठीतून दोन्ही पक्षांना झोडायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्षाला मराठी येत नव्हतं, म्हणून देश वाचला.

जगन्नाथला तो कधीच आवडला नाही. त्याच्या बायकोला, वसुधाला, मात्र दर रविवारी फोन लावून त्याच्याशी भांडायचं असे. फोन करणाऱ्याने घरचा रेडिओ बंद ठेवायचा, नाहीतर शिट्टी वाजते. म्हणून शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात जगन्नाथला फक्त बायकोचंच बोलणं ऐकू येई. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पोहे परतणं.

या हिवाळ्यात ती गेली. घरात फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. गिरीश प्रत्येक कार्यक्रमाची कॅसेट ठेवतो, हे आठवून जगन्नाथ स्टेशनवर गेला.

"काकू म्हणजे आमच्या शोची शान!" म्हणत गिरीशने कॅसेट लावली.

"नमस्कार गिरीशराव, मी वसुधा. तुम्ही मागच्या वेळी करांबद्दल जे..."

पुढे नुसता गिरीश.

"ती नंतरही बोलत होती," जगन्नाथ म्हणाला. "पोहे करपेपर्यंत."

"फोन करणाऱ्याचा आवाज मी खाली करतो ना, काका. नाहीतर शो कोणाचा ते कळणार कसं?"

दुसरी कॅसेट, तिसरी कॅसेट. नमस्कार, मग गिरीश.

"म्हणजे ती इतकी वर्षं भिंतीशी बोलत होती! आणि तू तिच्या नमस्काराचं लोणचं घालून ठेवलंस!"

गिरीशने पुढची कॅसेट बाजूला सारली. "ही नको. शो बिघडला होता."

"लाव."

सुरुवातीला गिरीशच गरजत होता. मग त्याला जोरदार ठसका लागला, आवाजाच्या बटणापर्यंत हात काही पोचला नाही.

"अहो, वर बघा! बोलू नका. पाणी आहे का जवळ? घोट घोट घ्या. आमच्या ह्यांनाही असाच लागतो. घास गिळायची घाई. आणि वर बघा म्हटलं की चिडतात. हं, थांबला का? मग आता मुद्द्याचं ऐका..."

गिरीश सावरला होता. तिचा आवाज गेला.

जगन्नाथने कॅसेट काढून कोटाच्या खिशात घातली.

"काका, ती ओरिजिनल आहे! कॉपी करून देतो ना."

"तुझ्या सगळ्या कारकिर्दीत ऐकण्यासारखं एवढंच आहे. ते तुझ्यापाशी कशाला?"

गाडीत बसल्याबसल्या त्याने ती लावली.

"कोण चिडतं गं?" तो म्हणाला, आणि कॅसेट पुन्हा मागे घेतली.