अकरा मुलं आणि एक

पाळणाघरातली अकरा मुलं दुपारी झोपली की भिंगरीची आई डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर लक्ष ठेवायची. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाचा श्वास बघायचा, तक्त्यावर खूण करायची आणि मधल्या वेळात इंग्रजी घोकायचं. या परक्या देशात तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय मुलीला आणता येत नव्हतं. चार वर्षांची भिंगरी जावेच्या पदरात टाकून ती आली होती; आता पोरगी आठ वर्षांची झाली होती. एकदा परीक्षेत आपटून झालं होतं. पुन्हा आपटली तर आणखी एक वर्ष!

शिकवणीच्या बाईंनी 'वॉच ओव्हर' समजावलं होतं. लांबून बघणं नव्हे. जवळ राहून, वाईट काही होऊ नये म्हणून सांभाळणं. तिनं वाक्यही तोंडपाठ केलं होतं : मी माझ्या मुलीला वॉच ओव्हर करते.

आणि परीक्षकानं नेमकं 'वॉच ओव्हर' वापरून वाक्य करायला सांगितलं. वाक्य ओठांवर आलं, पण जीभ रेटेना. भिंगरी तापानं फणफणली तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? फोनमधून बघणारी आई?

"अकरा मुलांना मी वॉच ओव्हर करते," ती अडखळत इंग्रजीत म्हणाली. "माझ्या मुलीला माझी बहीण." जावेला इंग्रजीत काय म्हणतात, देव जाणे.

पास झाली! धावत बाहेर येऊन तिनं फोन लावला.

"भिंगरे, आता तू इकडे यायचंस! माझ्याजवळ!"

पोरगी टुणकन उडाली. मग एकदम थांबली. "काकूपण येणार ना?"

"नाही गं. फक्त तुलाच आणता येतं."

"मग काकूकडे कोण बघणार?"

"मला काय धाड भरलीय?" मागून जाऊ ओरडली. "जा मुकाट्यानं आईकडे!"

चार वर्षं ती जावेला घाईघाईनं म्हणायची, भिंगरीला दे. आज पहिल्यांदा म्हणाली, "बाळा, काकूला दे जरा."

भिंगरी फोन घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"काकू येत नाहीये. डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणते."